नवऱ्याच्या भावाची बायको

सकाळी साडेनऊला साहेबांचं ईमेल आलं, त्यात तीन उद्गारचिन्हं होती. चार वर्षांत त्यांनी एकही वापरलेलं मला आठवत नव्हतं. मजकूर एवढाच, की लिडियात सख्ख्या बहीणभावाचं लग्न सापडलंय, आकृती जोडली आहे, दुपारी तीनला बसू.

मी इंग्लंडमध्ये प्राचीन ग्रीक शिलालेखांच्या नोंदी संगणकावर चढवण्याचं काम करते. त्यातले बहुतेक लेख थडग्यांवरचे. लेखातली माणसं आणि त्यांची नाती भरली की प्रणाली आपोआप वंशावळ काढते. त्या वंशावळीत एक जोडपं एकाच आईबापाच्या खाली लटकत होतं.

साहेबांचा उत्साह अगदीच पोकळ नव्हता. रोमन काळातल्या इजिप्तमध्ये सख्खी बहीणभावंडं लग्नं करत, हे तिथल्या पपायरसवरच्या जनगणनेच्या पत्रकांवरून पक्कं माहीत आहे. अथेन्समध्ये बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर लग्न चालायचं, पण सख्ख्यांचं नाही. लिडियात, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानात, इजिप्तसारखा प्रकार निघाला असता तर तो मोठाच शोध ठरला असता. मला मात्र पोटात कसंतरी झालं, कारण त्या भागाच्या नोंदी तपासून पुढे पाठवण्याचं काम माझ्याकडे होतं.

लिडियातले हे दगड मला फार आवडतात. या कामात मी आले ती मुळात अथेन्सच्या दगडांमुळे. तिथल्या केरामेइकोस या जुन्या दफनभूमीच्या संग्रहालयात आंफारेते नावाच्या बाईचा दगड आहे, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मांडीवर तान्हं बाळ घेऊन बसलेली आजी. वर कोरलंय: हे माझ्या लेकीचं लाडकं लेकरू, आम्ही दोघं जिवंत होतो, सूर्याचा उजेड पाहत होतो तेव्हा मी त्याला मांडीवर घेत असे, आता तेही गेलं आणि मीही गेले, तरी त्याला घेऊनच आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून राहिले होते. पण असं बोलणारे दगड थोडे. अथेन्सच्या पुष्कळशा थडग्यांवर नाव, बापाचं नाव, फार तर गाव, एवढंच असतं. दागिन्यांच्या पेटीतून काहीतरी उचलून बघणारी ती सुप्रसिद्ध हेगेसो घ्या. इतकं देखणं शिल्प आणि अक्षरं काय, तर ‘हेगेसो, प्रोक्सेनोसची’. नवरा होता का, मुलं होती का, अवाक्षर नाही.

पाचसहाशे वर्षांनंतरच्या लिडियातल्या खेड्यांत मात्र अख्खं घरदार दगडावर येऊन उभं राहतं. वर कोरलेली पानांची माळ आणि खाली तारीख. तारीखही आकड्यांनी नाही, अक्षरांनी: सिग्मा, न्यू, झीटा म्हणजे २५७. रोमन सेनापती सुल्लाच्या नावाच्या शकाने मोजलं तर ते साल इसवी सन १७२-७३ येतं. पण शेजारच्या काही गावांत आक्टियमच्या लढाईपासून, म्हणजे इसवी सनापूर्वी ३१ पासून मोजणारा शक चालायचा. चुकून तो धरला तर माणूस चोपन्न वर्षं उशिरा मरतो. मग महिना, दिवस, आणि मग ‘एतेइमेसान’, म्हणजे ‘यांनी मान दिला’. त्यापुढे रांग लागते. नवऱ्याने आपल्या बायकोला, सासऱ्याने सुनेला, मुलांनी आईला, भावाने बहिणीला. गेलेली बाई एकच, पण ओळीगणिक ती कुणाची तरी वेगळी कोणीतरी असते. शेवटी घरात वाढवलेली मुलंही येतात, त्यांना ‘थ्रेप्तोई’ म्हणत. ती कधी उचलून आणलेली, कधी घरच्या गुलामांची. दगडावरून ते दर वेळी कळत नाही.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रातली निधनवार्ता आठवा. ‘त्यांच्या पश्चात पती, दोन मुलगे, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.’ पहिला लिडियन दगड वाचला तेव्हा मला हेच आठवलं होतं आणि हसूही आलं होतं. फरक इतकाच, की आपल्याकडे वाक्य मेलेल्याच्या बाजूने चालतं, तिकडे मागे राहिलेल्यांच्या.

आता आमची भानगड. पहिल्या दगडावर एक तरुण सून वारलेली. मान देणाऱ्यांत तिचा नवरा, सासूसासरे, दीर आणि एक बाई. हिच्या नावापुढे प्रणालीत शिक्का होता ‘सिस्टर-इन-लॉ’. काही वर्षांनंतरच्या दुसऱ्या दगडावर तीच बाई तिच्या नवऱ्याला मान देते, आणि तो नवरा म्हणजे पहिल्या दगडावरचा दीर. प्रणालीने ‘सिस्टर-इन-लॉ’चा अर्थ लावला नवऱ्याची बहीण. झालं. दीर आणि नणंद नवराबायको झाले.

ते वाचताना माझ्या डोक्यात मराठी सुरू झालं आणि मी मोठ्याने म्हणाले, “अगं, ही जाऊ असेल!” शेजारी बसणारी तुर्कस्तानातल्या इझमीरची सहकारीण दचकली.

पण मला वाटलं म्हणून काही सिद्ध होत नाही. नोंद जुन्या इंग्रजी कार्डावरून भरलेली होती, मूळ ग्रीक शब्द त्यात नव्हता. मी ठशांच्या खोलीत गेले. शिलालेखाचा ठसा म्हणजे जाड कागद ओला करून दगडावर पसरायचा, ब्रशने ठोकठोक ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि वाळला की सोलून काढायचा. दगडाला टेकलेल्या बाजूने अक्षरं उलटी आणि उठावदार दिसतात. हे कागद दशकानुदशकं टिकतात; दगड हरवला तरी ठसा राहतो. आमचा ठसा खणाच्या तळाशी होता, एका कोपऱ्यात दुमडलेला. दिवा अगदी आडवा धरला. त्या बाईच्या नावानंतर आधी ‘तेन’ हे उपपद दिसलं, मग एक उभी रेघ, आल्फा, न्यू, पुन्हा आल्फा, ताउ. नणंदेसाठी ग्रीकमध्ये ‘गालोस’ आहे. हा तो नव्हता. हा ‘इआनातेर’ होता, जावेचा शब्द.

नुसता अर्थ जुळला असं नाही. संस्कृतातला ‘यातृ’ आणि हा ‘इआनातेर’ एकाच मुळाचे, आणि ‘यातृ’ झिजत झिजत आपली ‘जाऊ’ झाली. ‘देवृ’ म्हणजे त्यांचा ‘दाएर’, आपला दीर. ‘श्वशुर’ म्हणजे ‘हेक्युरोस’. श्वशुरातला पहिला श मुळात स, आणि आपल्या स च्या जागी ग्रीकमध्ये पुष्कळदा ह असतो, सप्तच्या जागी हेप्ता असतं तसा. हे सगळं मी विद्यार्थी असताना तक्त्यात पाठ केलं होतं, गुण मिळवले होते आणि विसरले होते. त्या दुपारी ते तक्त्यातून उठून एका खेड्यातल्या घरात आलं.

मग राहवेना, म्हणून होमर काढला. ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या इलियड महाकाव्याच्या सहाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर घरी येतो, बायको दिसत नाही, तर दासींना विचारतो, कुठे गेली, माझ्या बहिणींकडे की भावजयांकडे? म्हणजे तिच्या नणंदांकडे की जावांकडे. आणि शेवटच्या सर्गात हेक्टरच्या प्रेतापाशी त्याची भावजय हेलन रडते तेव्हा म्हणते, सगळ्या दिरांत तू माझा लाडका; घरात कुणी मला टाकून बोललं, दीर, नणंद, जाऊ, नाहीतर सासू, तर तू त्यांना आवरायचास. सासरे तेवढे नेहमी बापासारखे वागले, हेही ती सांगते. मराठीत याला तळटीप लागत नाही. इंग्रजी भाषांतरं मात्र इथे ‘माझ्या नवऱ्याच्या भावांच्या बायका’ अशी धापा टाकत येतात, आणि रडणं तिथेच थांबतं.

तीनला बैठक झाली. मी ठशाचा फोटो पडद्यावर लावला, दोन कुटुंबांची आकृती फळ्यावर काढली. बहीणभाऊ सुटे झाले. दीर एका घरचा, त्याची बायको दुसऱ्या घरची. साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बरं झालं अजून कुणाला कळवलं नव्हतं. त्यांनी आणखी एकाला ईमेल केलं होतं हे मला नंतर कळलं, पण तो भाग सोडून देऊ. नोंद माझ्याच हाताखालून गेली होती, हे मी सांगितलं. ते सांगताना कान गरम झाले होते.

खरी चर्चा पुढे झाली. नात्यांच्या यादीत ‘सिस्टर-इन-लॉ’ फोडून किती खण करायचे? मी म्हटलं, नणंद, जाऊ, मेहुणी, भावजय, किमान चार. दोघा इंग्रज सहकाऱ्यांना हे अती वाटलं. तेवढ्यात इझमीरची सहकारीण म्हणाली, “आमच्याकडे जावेला एल्ती म्हणतात.” पलीकडून ग्रीक मुलगी म्हणाली, “आणि आमच्याकडे सिन्निफादा.” ‘इआनातेर’ ग्रीकमधून कधीच गेला, पण नातं आहे म्हटल्यावर भाषेने दुसरा शब्द केला. चार खण मंजूर झाले. जुन्या नोंदींतल्या प्रत्येक ‘सिस्टर-इन-लॉ’चा ठसा पुन्हा पाहायचा, हे कामही मंजूर झालं, आणि ते कुणाकडे आलं हे सांगायला नको.

रात्री कराडला आईला फोन केला. सगळं सांगितलं, शकाचा हिशेब वगळून. तिला इजिप्तच्या लग्नांत रस नव्हता. पण दुसऱ्या शतकातल्या एका जावेने जावेसाठी दगडावर नाव घातलं, हे तिने दोनदा विचारून घेतलं.

“स्वतःच्या नावाने?”

“हो. वेगळं नाव आहे तिचं. नुसतं ‘दीर आणि त्याची बायको’ असं नाही.”

“थोरली की धाकटी?”

मी लॅपटॉप उघडून फोटो पुन्हा पाहिला. नवऱ्याचं नाव आधी होतं, दिराचं नंतर, पण नवऱ्याचं तर आधी येणारच. कुणाचंही वय नव्हतं, क्रमाचा दुसरा पुरावा नव्हता.

“ते लिहिलेलं नाही गं.”

“मग काय वाचलंस तू?” आई म्हणाली.