येलिंगच्या शिळेवरची सात अक्षरं

डेन्मार्कमधल्या वाइलेहून गाडी पाव तासात येलिंगला पोचते. गवताने झाकलेल्या दोन प्रचंड टेकड्या, मधे पांढरं चर्च, आणि चर्चच्या दाराशी काचपेट्यांत दोन रूनशिळा, म्हणजे रून या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत मजकूर कोरलेले दगड. टेकड्या झटपट पाहून होतात. मी मात्र मोठ्या शिळेपाशीच रेंगाळलो.

तिच्या तीन बाजूंपैकी नुसत्या अक्षरांची बाजू आधी गाठायची. पुष्कळ रूनशिळांवर ओळी उभ्या किंवा वळणावळणाच्या असतात. इथे त्या पोथीसारख्या आडव्या, डावीकडून उजवीकडे. पहिली ओळ आणि चौथी ओळ एकाच नावाने सुरू होते: हाराल्ड, डेन्मार्कचा राजा. गोर्म आणि थ्यूरा या आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने ही शिळा कोरवली, दहाव्या शतकात.

नावाची अक्षरं सात. पहिलं सहा टोकांच्या चांदणीसारखं, तो 'ह'. ब्लूटूथच्या चिन्हात 'ब'ला जोडलेला 'ह' हाच, कारण ते नाव याच राजाच्या टोपणनावावरून घेतलंय. दुसरं आणि चौथं अक्षर सारखं: उभ्या दांड्यावर तिरपी रेघ, तो 'अ'. तिसरा आणि सातवा 'र', पाचवा 'ल'. सहावा बाणासारखा, तो 'ट'. 'ड'च्या जागी 'ट' का? त्या काळच्या रूनमालेत अक्षरं फक्त 16. ट-डला एकच खूण, क-गलाही एकच. म्हणून इथे गोर्मचा 'कुर्म' होतो आणि डेन्मार्कचा 'टान्माउर्क'. हे ठाऊक नसेल तर पुढचा एकही शब्द जुळत नाही.

काचेवर आकाशाचं प्रतिबिंब पडतं आणि कोरीवकाम उथळ आहे, तेव्हा समोरून नाही, तिरपं उभं राहून पाहा. चौथ्या ओळीत 'डेन्मार्क जिंकला' एवढंच वाचून लोक निघून जातात, याची मला फार चुटपुट लागते. वाक्य तिथे संपतच नाही! 'सगळा, आणि नॉर्वे' हे शब्द दुसऱ्या बाजूच्या प्राण्याच्या चित्राखाली आहेत. 'आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं' हे तिसऱ्या बाजूच्या ख्रिस्ताच्या चित्राखाली.

हाराल्ड म्हणजे सैन्य अधिक सत्ता. हेच दोन तुकडे उलटे जोडले की वॉल्टर. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. 16च्या लढाईत पडलेला, बटावियन या जर्मानिक टोळीचा सरदार खारिओवाल्डा नोंदवलाय, तोही याच घडणीचा. 1066मध्ये तर दोन हाराल्ड समोरासमोर आले: 25 सप्टेंबरला स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेचा हाराल्ड हार्ड्राडा पडला, आणि त्याला हरवणारा इंग्लंडचा हॅरल्ड, ज्याची आई डॅनिश होती, 19 दिवसांनी हेस्टिंग्जला. नॉर्वेत 1991 साली गादीवर आलेला राजाही हाराल्डच, पाचवा.

निघण्याआधी शेजारच्या धाकट्या शिळेपाशी थांबा. तिच्यावर हाराल्ड नाही. ती गोर्मने बायको थ्यूरासाठी उभारली, आणि डेन्मार्कच्या भूमीवर कोरलेलं 'डेन्मार्क' हे नाव सगळ्यांत आधी तिच्यावरच सापडतं.