तुम्ही विचारलंत म्हणून: त्या पोराच्या हाताबद्दल

"त्या बेसबॉलच्या पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराबद्दल, तुझंच खरं ठरलं ना?" मंडळाच्या गणपतीत आणि पुण्याहून येणाऱ्या फोनवर हा प्रश्न ठरलेला. विचारणारा कौतुकानेच विचारतो, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो. एकदा नीट सांगून टाकतो.

टेक्सासमधल्या एका कॉलेजचा मुलगा, तिसऱ्या वर्षाचा, म्हणजे ड्राफ्टला पात्र; व्यावसायिक क्लब फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट. साडेसाठ फुटांवरून ताशी 98 मैल, आपल्या हिशेबात जवळपास 158 किलोमीटर. मी असोसिएट स्काउट होतो, म्हणजे क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्यांचा मदतनीस. बघायचं, लिहायचं आणि त्या भागाच्या मुख्य स्काउटला पाठवायचं, एवढंच काम. पैसे नावालाच.

मार्चमधली संध्याकाळ होती. पाचव्या इनिंगमध्ये स्लायडर, म्हणजे बाजूला वळणारा चेंडू, टाकल्यावर त्याने हात खाली सोडून झटकला. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दोन-तीनदा मिटून उघडलं. घाम असेल, म्हटलं. पुढच्या बॅटरलाही तेच. वेग मोजणाऱ्या रडार गनवर 94, मग 93. बॅटर उभा राहतो त्या प्लेटच्या मागे आम्ही सात-आठ जण गन रोखून बसलो होतो. त्याने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुढचा चेंडू 98 ने आला. सगळ्यांनी वहीत आकडा टिपला. मीही टिपला. तो चेंडू त्याने बॅटरला टाकलाच नव्हता, आम्हाला टाकला होता.

मॅच संपल्यावर तो कोपराला बर्फ बांधून कुंपणाशी उभा होता, शेजारी आई.

"हात कसा आहे?"

"एकदम ठीक, सर."

आई माझ्याकडे बघत राहिली. मी "छान खेळलास" म्हणालो आणि गाडीकडे गेलो.

त्या रात्री स्काउटांच्या 20 ते 80 च्या मोजपट्टीवर (50 म्हणजे सरासरी) लिहिलं: फास्टबॉल 70, कंट्रोल 40. खाली एक ओळ: बोटांवरून कोपराची खात्री वाटत नाही, वरच्या फेऱ्यांत घेऊ नये. आमच्या क्लबने सोडला, दुसऱ्या एकाने बराच खाली घेतला. पुढच्या वर्षी कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट फाटलं आणि ते नव्याने बसवायची टॉमी जॉन सर्जरी झाली. परतला, पण चेंडू पूर्वीसारखा ताब्यात राहीना. मायनर लीगमधूनच, म्हणजे खालच्या पातळीवरूनच, घरी गेला.

मी डॉक्टर नाही. त्याचा कोच होता, ट्रेनर होता. जे दिसलं ते क्लबला सांगायचं, हीच माझी नेमणूक. आणि माझा अंदाज चुकला असता तर? नुसती कुजबुज झाली तरी पोराचे लाखो डॉलर जातात. स्टीफन स्ट्रासबर्ग हा पिचर 2009 मध्ये कॉलेजमधून पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, 2010 मध्ये त्याची हीच सर्जरी झाली, आणि 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सर्वोत्तम खेळाडू तोच. म्हणजे "घेऊ नये" हेही बरोबर होतं असं कुणी म्हणू नये.

पण यातलं काहीही त्या कुंपणापाशी माझ्या डोक्यात नव्हतं. इतरांच्या नजरेतून सुटलेलं आपल्याला दिसलं, याचा आनंद होता. रिपोर्ट पाठवून मी निवांत झोपलो. "हात दाखवून घ्या" एवढंच त्या बाईंना म्हणायला काय लागलं असतं?

आता कुठल्याही क्लबसाठी लिहीत नाही. हायस्कूलच्या मॅचना मात्र जातो आणि पोरांची बोटं बघत बसतो. परवा एकाच्या वडिलांना गाठून सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही म्हणालो. ते परत मॅच बघायला लागले.