नायट्रो ट्रक ब्रशलेसवर: क्लच गेला, आता झटका कोण सोसणार?

रिमोटवर चालणारा माझा नायट्रो (नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावरच्या छोट्या इंजिनाचा) मॉडेल ट्रक आता ब्रशलेस विजेच्या मोटरवर धावतोय. इंजिन, टाकी, पाइप, क्लच, थ्रॉटलचा सर्वो (थ्रॉटल आणि ब्रेक हलवणारी छोटी मोटर) सगळं उतरलं आणि त्या जागी ४२७४ मापाची २००० केव्ही (व्होल्टमागे २००० आरपीएम) सेन्सरलेस मोटर, १५० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) आणि ४एस, म्हणजे चार सेलची, लायपो बॅटरी बसली. बॉडी अजून जुनीच आहे, इंजिनच्या डोक्यासाठी कापलेल्या भोकासकट. १/८ मापाचा, तीन डिफचा (डिफरन्शियल: पुढचा, मधला म्हणजे सेंटर, मागचा), एका गिअरचा ट्रक आहे. दोन स्पीडचा गिअरबॉक्स किंवा स्लिपर (झटका आला की घसरणारा क्लच) असलेल्यांना खालचं सगळं जसंच्या तसं लागू होणार नाही, पण मूळ मुद्दा तोच राहील.

उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही, एवढंच की एरंडेल मिसळलेलं इंधन वर्षानुवर्षं झिरपलेलं असतं आणि त्यावर धूळ बसून डांबरासारखा थर होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. चासी उघडी पडल्याशिवाय कुठलंही माप घेऊ नका. इंजिन फेकायचं नसेल (मी फेकणार नाही) तर कार्ब्युरेटर आणि ग्लो प्लगच्या भोकातून आफ्टर-रन ऑइलचे थेंब सोडा, हाताने फिरवा आणि पिस्टन खालच्या टोकाला ठेवून बंद करा. स्लीव्ह वरच्या बाजूला निमुळती असते, पिस्टन तिथे अडकून राहिला तर तिची घट्ट बसणी बिघडते.

मोटर निवडताना मी आधी गिअरकडे बघितलं. .२१ चं, म्हणजे साडेतीन सीसीचं इंजिन जोरात असताना तीस हजार आरपीएमच्या वरखाली फिरतं आणि पुढचे गिअर त्याच हिशोबाने पाडलेले असतात. २००० केव्ही गुणिले १४.८ व्होल्ट म्हणजे २९,६००. मग जुना ४६ दातांचा स्पर (मोठा गिअर) तसाच ठेवता आला आणि १४ दातांच्या क्लच बेलच्या जागी १४ चंच मॉड १ (दातांचं माप) पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, आलं. डिफमध्ये ४३ ला ११, एकूण गुणोत्तर १२.८ च्या आसपास, चाक १५० मिमी, म्हणजे कागदावर ताशी ६५ किमी. प्रत्यक्षात भाराखाली व्होल्टेज पडतं आणि टायर फुगतात, त्यामुळे आकडा इकडेतिकडे होणार. मला तेवढा पुरे. ज्यांना शंभरी गाठायची आहे ते ६एसकडे वळतात, आणि मग महिनाभर कप (शाफ्टचं टोक ज्यात अडकतं ती वाटी) आणि शाफ्ट बदलत बसतात.

मोटर माउंट हा सगळ्यात वेळखाऊ भाग. इंजिन माउंटच्या चासीतल्या लांबट खाचा आडव्या सरकतात, म्हणजे मेश (दोन गिअरच्या दातांची जुळणी) लावायला आयत्या मिळतात. त्या बुजवून नवी भोकं पाडायची गरज पडली नाही. मोटरच्या तोंडावरच्या दोन भोकांत २५ मिमी अंतर असतं, बाजारात मिळणारी बहुतेक माउंट तेच गृहीत धरतात. इथे एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. स्क्रू मोटरच्या आत किती जातो ते आधी मोजा. मी आगपेटीची काडी भोकात घालून खूण केली, माउंटची जाडी त्यात मिळवली आणि स्क्रू त्यापेक्षा दीड मिलिमीटर आखूड कापून कानशीने टोक साफ केलं. लांब स्क्रू थेट वाइंडिंगवर जाऊन टेकतो, इनॅमल खरवडतो, आणि ते बाहेरून दिसत नाही. अॅल्युमिनियमच्या आट्यांना थ्रेडलॉक निळंच लावा. लाल लावलं तर पुढच्या वेळी आट्यांसकट बाहेर येईल.

मेश लावायला वहीच्या कागदाची पट्टी. पिनियन आणि स्परमध्ये ती दाबून धरायची, माउंट आवळायचं आणि मग फिरवून पट्टी काढायची. पट्टीवर दातांचे ठसे हवेत, पण ती फाटायला नको. स्पर पूर्ण एक फेरा फिरवून चार ठिकाणी तपासा, कारण जुना स्पर क्वचितच अगदी गोल असतो. सर्वात घट्ट जागी किंचित ढिलाई राहिली म्हणजे झालं.

बॅटरीचा ट्रे रेडिओ बॉक्सच्या बाजूला आला, ईएससी टाकीच्या जागी. टाकीचे दोन खांब तसेच ठेवून त्यावर ३ मिमी फायबरग्लासची पट्टी टाकली. ट्रे चासीला खालून काउंटरसंक स्क्रूने धरलाय आणि प्रत्येक स्क्रूचं टोक ट्रेच्या आतल्या पृष्ठभागाच्या खाली राहील असं बघितलंय, वरून फोमही आहे. लायपोच्या पोटात स्क्रूचं टोक घुसलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

मग चारही चाकांखाली एकाच वेळी चार काटे ठेवून वजन घेतलं. बॅटरीची बाजू ११० ग्रॅमने जड निघाली. ईएससी थोडा बाहेर आणि रिसीव्हर बॉक्स पलीकडे सरकवल्यावर फरक ३० वर आला, तो मी सोडून दिला. नायट्रोवर टाकी रिकामी होत जाते तसा तोल बदलतच असायचा, त्यामानाने हे चैनीचं आहे. एकूण वजन जवळपास तेवढंच राहिलं.

वायरिंग: १२ गेजची सिलिकॉन वायर, एक्सटी ९० अँटी-स्पार्क कनेक्टर, जाड टोकाचं सोल्डरिंग आयर्न. बारीक टोकाने डाग देत बसलात तर कनेक्टर वितळतो आणि जोड तरीही थंडच राहतो. मोटर उलटी फिरत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा. सेन्सर असलेल्या मोटरला मात्र असं करायचं नाही, तिथे दिशा ईएससीच्या सेटिंगमधूनच बदलते. ईएससीच्या बीईसीमुळे (रिसीव्हरला वीज देणारा त्यातला भाग) रिसीव्हरची वेगळी बॅटरी गेली. रिमोटवरचा फेलसेफ (सिग्नल तुटला की थ्रॉटल कुठे न्यायचा ते सेटिंग) विसरू नका. नायट्रोसाठी लावलेला फेलसेफ जुन्या सर्वोच्या ब्रेकच्या जागेवर असतो. ईएससीचं कॅलिब्रेशन केल्यावर तो पुन्हा लावायचा, नाहीतर सिग्नल तुटल्यावर ती जागा ईएससीला ब्रेक वाटेल, रिव्हर्स वाटेल की आणखी काही, याचा भरवसा नाही.

आता मुद्द्याचं. रूपांतर म्हणजे मोटर बसवणं असं सगळे समजतात. मोटर एका दुपारी बसते. खरं काम आहे ते क्लच जे करत होता ते दुसऱ्या कुणाकडून तरी करवून घेणं. इंजिन आयडलवर फिरत असतं, थ्रॉटल दिला की क्लचचे शू स्प्रिंगला हरवून बाहेर येतात, बेलला घासत घासत पकडतात आणि पहिला झटका त्या घसरण्यातच विरतो. पुढच्या सगळ्या ड्राइव्हट्रेनला आजवर पाघळलेली ताकद मिळत होती. ब्रशलेस मोटर उभ्या जागी पूर्ण टॉर्क देते आणि तिच्यात व चाकात घसरणारं काहीच उरत नाही.

पहिल्या चाचणीत हे लगेच दिसलं. थ्रॉटल दाबला की पुढची चाकं फुग्यासारखी ताणली जात आणि मागची नुसती लोळत होती. वेग घेताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि सेंटर डिफ ताकद तिकडेच ओततो. उघडून बघितलं तर मागच्या सेंटर शाफ्टच्या कपात पिनने चाकोरी पाडायला सुरुवात केली होती, नखाला लागेल इतकी. नायट्रोवर हाच कप कित्येक टाक्या जसाच्या तसा होता.

दोन उपाय केले. सेंटर डिफमध्ये आधी ७,००० सीएसटीचं (घट्टपणाचं एकक) सिलिकॉन ऑइल होतं, ते काढून ३०,००० भरलं. घट्ट ऑइल भरताना घाई नको: आतल्या क्रॉस पिनपर्यंत भरायचं, गिअर हाताने फिरवायचे, डिफ तासभर उभा ठेवायचा, बुडबुडे वर आले की पुन्हा पातळी बघायची. गॅस्केट नवीनच घाला. दुसरं, ईएससीचा पंच (थ्रॉटल दाबल्यावर ताकद किती झटक्याने द्यायची ते सेटिंग) सर्वात खालच्या पायरीवर आणला. यामुळे ट्रक मंद होईल असं वाटत होतं, झालं उलटं. पुढची चाकं फुगायची थांबली, मागची जमीन पकडायला लागली आणि ट्रक सरळ निघाला. चाकोरी पुढे वाढलेली नाही, तरी कप हलक्या दर्जाचा आहे, टिकाऊ पोलादाचा घेतलाय.

ब्रेकबद्दल विचारणारे येतीलच. नायट्रोत सेंटर डिफच्या दोन बाजूंना दोन डिस्क असतात, पुढचा-मागचा ब्रेक वेगळा लावता येतो. आता मोटरच ब्रेक लावते आणि तो डिफमधून दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण ठरवणं, गेलं. काहीजण जुने डिस्क ठेवून वेगळा सर्वो लावतात. माझ्या मते एवढा खटाटोप फक्त रेसवाल्यांनी करावा. घट्ट ऑइलने ब्रेकही बऱ्यापैकी समतोल झालाय, डिस्क मी काढून टाकले.

एक अनपेक्षित फायदा सांगतो. इंजिन होतं तोवर ट्रकचा दुसरा कुठलाही आवाज ऐकू येत नसे. आता मागच्या डिफचं एक बेअरिंग चक्क गातंय हे पहिल्याच फेरीत कळलं, बहुधा गेल्या दोन मोसमांपासून गात असावं. सगळी बेअरिंगं बोटावर फिरवून बघितली, तीन खरखरीत निघाली, बदलली.

तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने. पाच मिनिटं चालवायचं, मोजायचं, मग पुढे. मातीवर मोटर ६२ अंशांवर स्थिरावली, उंच गवतात ७८ झाली. ८० च्या पुढे मी जाऊ देत नाही. फार तापलं की निओडिमियम चुंबकांची ताकद कमी होते आणि ती परत येत नाही. गवतात जायचं असेल तर १३ चं पिनियन लावा. कटऑफ (बॅटरी उतरली की ईएससी मोटर थांबवतो ती पातळी) सेलमागे ३.४ व्होल्ट ठेवलाय, आणि घरी आल्यावर बॅटरी ३.८ वर आणून ठेवतो.

ज्यांच्या ट्रकचं इलेक्ट्रिक भावंड आधीच बाजारात आहे, म्हणजे रेव्होला ई-रेव्हो, सॅव्हेजला सॅव्हेज फ्लक्स, इन्फर्नोला व्हीई, त्यांनी आधी त्या मॉडेलची पार्ट-यादी चाळावी. बरेच भाग अदलाबदल होतात आणि माउंटची कापाकापी वाचते.

राहिलेलं काम: स्पर उघडा आहे, एक खडा अडकला की दात गेलेच, म्हणून जुन्या बॉडीच्या लेक्सानमधून (पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक) गार्ड कापतोय. नव्या बॉडीला भोकं पाडणार नाही. आणि सेंटरमध्ये ५०,००० भरून बघायचंय, पण मला वाटतं वळणावर ट्रक मग नाक बाहेर काढेल. ज्यांनी एवढं घट्ट वापरलंय त्यांनी पुढच्या-मागच्या डिफमध्ये काय भरलं होतं ते कळवा.