नागीण: फोड वाळल्यावर राहणारा ठणका

सांगलीत औषधाच्या दुकानात उभं राहून नागिणीच्या गोळ्या मी बरीच वर्षं देत आलोय. त्या स्वतः घ्यायची वेळ आली तेव्हा डाव्या बरगडीखाली नुसती आग होत होती, कातडी स्वच्छ. बहुतेकांचं असंच होतं. पुरळ उठायच्या एक ते पाच दिवस आधीच दुखायला लागतं, म्हणून कुणी ईसीजी काढतं, कुणी मुतखड्यासाठी सोनोग्राफी. आग, मुंग्या, टोचणं हे सगळं एकाच बाजूला, पाठीकडून पुढे पट्ट्यासारखं येतंय का, ते बघायचं.

लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू पाठीच्या कण्यालगत नसेच्या गाठीत दडून राहतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती खालावली की त्या नसेतून कातडीपर्यंत उतरतो. नस एकाच बाजूची, त्यामुळे पुरळ सहसा मधली रेघ ओलांडत नाही. कधी अंगभर उठलंच, तर प्रतिकारशक्ती फार कमी झाल्याची शंका घेऊन लगेच दवाखाना गाठावा. पण पुरळाचा विळखा पुरा होऊन नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत खरी नाही. आणि गेरू? लावू नये. विषाणूपर्यंत तो पोचत नाही, फुटलेल्या फोडात घाण मात्र जाते आणि लेपाखालचं डॉक्टरांना दिसत नाही.

पुरळ दिसल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूवरची गोळी सुरू व्हायला हवी. अ‍ॅसायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम, दिवसातून 5 वेळा, 7 दिवस. मी सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 अशा वेळा धरल्या. झोपमोड करावी लागत नाही. पाणी भरपूर प्यायचं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून मधुमेह-बीपीवाल्यांनी क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर, कारण डोळ्याला जाणारी नस तीच. फोड झाकून ठेवायचे आणि खपली धरेपर्यंत गरोदर बाई, तान्हं मूल यांच्यापासून लांब राहायचं.

खरी कसोटी खपल्या पडल्यावर. शर्ट नुसता घासला तरी जीव कळवळतो. एरवी चटका बसला की कातडीतली नसांची टोकं दोन वाटांनी निरोप धाडतात: एक वाट सेकंदाला 5 ते 30 मीटर वेगाची, ती पहिली कळ, दुसरी 2 मीटरहूनही हळू, ती मागून रेंगाळणारी आग. नागिणीत नसच जखमी असते, ती काही कारण नसताना निरोप धाडत राहते. मज्जारज्जू इतका हळवा होतो की साधा स्पर्शही वेदना म्हणून मेंदूकडे जातो. म्हणून पॅरासिटामॉल इथं अपुरं पडतं.

मला उपयोग झाला तो नसेच्या दुखण्यावरच्या प्रीगाबॅलिनचा. रात्री 75 मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग डॉक्टर हळूहळू वाढवतात. सुरुवातीला चक्कर, गुंगी येते; गाडी चालवू नये, म्हाताऱ्या माणसानं रात्री उठताना आधार धरावा. अ‍ॅमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅमही देतात, पण प्रोस्टेट, काचबिंदू किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगायचं. बधिर करणाऱ्या लिडोकेनची 5 टक्क्यांची पट्टी 12 तास लावायची, 12 तास काढायची, तीही भरलेल्या कातडीवरच. कॅप्सायसिनचं मलम म्हणजे मिरचीतलाच तिखटपणा: आधी चुरचुरतं, रोज तीन-चार वेळा नेमानं लावलं तर काही आठवड्यांनी आगीचा निरोप नेणारे नसांचे धागे थकतात. बरेच जण पहिल्या जळजळीलाच ट्यूब फेकून देतात. लावल्यावर हात साबणानं धुवायचे, नाहीतर डोळ्याला लागतं.

कपड्यांत जुना, मऊ सुती सदरा. दुखऱ्या भागावर तो सैल लोंबण्यापेक्षा अंगाला धरून बसलेला बरा, घासत नाही.

तीन महिन्यांपुढे दुखत राहिलं तर वेदनातज्ज्ञांकडे जावं. गोळी एकदम बंद करू नये. प्रीगाबॅलिन निदान आठवडाभरात टप्प्याटप्प्यानं उतरवतात. पन्नाशीपुढच्यांसाठी लस आहे, दोन डोस, 2 ते 6 महिन्यांच्या अंतरानं. महाग आहे, पण नागीण होऊन गेलेल्यांनाही चालते, फक्त पुरळ पूर्ण बरं झाल्यावर.