मेन्यूकार्ड उघडलं आणि डोळे पांढरे झाले, तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी काही वर्षं हॉटेलात टेबलं सांभाळली, हे कळलं की ओळखीतलं कुणी ना कुणी आवाज जरा खाली आणून विचारतंच: आत जाऊन बसलो, पाणी आलं, मेन्यूकार्ड उघडलं आणि भाव आवाक्याबाहेरचे निघाले, तर करायचं काय?

उठायचं.

हे उत्तर ऐकून समोरच्याचा विरस होतो. त्यांना एखादी खाशी युक्ती हवी असते. 'पण ते बरं दिसतं का?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. तर टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बघून सांगते, ऑर्डर न देता उठून जाणारे आम्हाला रोज दिसायचे. ते गेले की टेबल पुसायचं आणि रांगेतल्या पुढच्यांना बसवायचं, गोष्ट संपली. खुर्च्या जागेवर सरकेपर्यंत त्यांचा चेहराही आठवत नसे. लक्षात राहायचा तो 'किती महाग, किती महाग' म्हणत सगळं मागवणारा आणि शेवटी बिल घेऊन आलेल्या माझ्यावर डाफरणारा. 'आज आमचं जमत नाहीये, थँक्यू' एवढं म्हटलं तरी पुरतं. अचानक फोन आल्याचं नाटक करू नका. फोन वाजलेला नाही हे आम्हाला दिसत असतं. साध्या पाण्याने कुणी बांधला जात नाही. सीलबंद बाटली फोडली असेल किंवा टेबलावरचं काही तोंडात टाकलं असेल, तर त्याचे किती झाले ते विचारून द्यायचे आणि निघायचं.

उठणं जड जातं ते वेगळ्याच कारणाने. एवढ्या लांब आलो, गाडी लावायला जागा शोधली, ताटकळलो, पोरांना भूक लागलीय. आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली हेच मांडलं होतं: ज्या गोष्टीत पैसे, वेळ किंवा कष्ट आधीच घातलेत, ती तोट्याची दिसत असूनही माणूस पुढे रेटतो. त्यात वेटर वही घेऊन समोर उभा. अशा वेळी मी एकच सुचवते, 'पाच मिनिटं द्या' म्हणून त्याला परत पाठवा. तो डोक्यावर उभा असताना कुणालाच धड हिशेब जमत नाही.

आणि उठणं किंवा भरपेट जेवणं, असे दोनच मार्ग नसतात. जागा आवडली असेल तर एखादा पदार्थ वाटून खा, गप्पा मारा आणि पोट दुसरीकडे भरा. फक्त गर्दीची वेळ टाळा.

राहायचं ठरलं, तर कार्ड कसं वाचायचं? आधी मनात आकडा पक्का करायचा, मग पानं उलटायची. उलटं केलं की आकडा कार्डच ठरवतं. वरच्या कोपऱ्यातला एक अचाट महाग पदार्थ विकला गेला नाही तरी त्याचं काम होतं, कारण त्याच्यापुढे बाकीचे भाव माफक वाटू लागतात. आधी दिसलेल्या आकड्याकडे आपला अंदाज कसा ओढला जातो, हे ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्येच दाखवलं होतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये एका हॉटेलात तीन तऱ्हेची कार्डं वापरून पाहिली: डॉलरचं चिन्ह असलेली, नुसता आकडा असलेली आणि किंमत अक्षरांत लिहिलेली. नुसता आकडा बघणाऱ्यांनी जास्त खर्च केला. चिन्ह गेलं की तो पैसा वाटत नाही, असं दिसतं. बाकी कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ असते ती वाचा. कर किमतीत धरलाय की वर लागणार, सर्व्हिस चार्ज आहे का, हे तिथेच कळतं.

पण कार्डावरच्या भावांनी माणसं क्वचित पोळतात. पोळतात ती कार्डावर नसलेल्या भावांनी, आणि हे मी जरा सविस्तर सांगणार आहे. 'आज स्पेशल काय?' असं तुम्ही विचारता. आम्हाला त्या पदार्थाचं वर्णन पाठ करून ठेवावं लागायचं: कुठून आलंय, कसं शिजवलंय, सोबत काय. भाव मात्र कुणी विचारला तरच सांगायचा, अशी सूचना असे. आणि विचारत जवळजवळ कुणीच नाही! चार माणसांसमोर 'केवढ्याला?' म्हणणं कमीपणाचं वाटतं. त्या संकोचाचेच पैसे बिलात लागतात. आमच्याकडून बघाल, तर हा सर्वांत साधा प्रश्न आहे. उत्तर तयारच असतं.

दुसरी गंमत वजनाची. मासा, खेकडा, मोठे मांसाचे तुकडे यांच्यापुढे काही ठिकाणी 100 ग्रॅमचा भाव असतो, काही ठिकाणी नुसतं 'बाजारभावाप्रमाणे'. 100 ग्रॅमचा आकडा डोळ्यांना सोसतो. पानात येतो तो 800 ग्रॅमचा अख्खा मासा, म्हणजे आठपट. इथे 'भाव काय?' असं विचारू नका, 'हा पूर्ण कितीला पडेल?' असं विचारा, तेही तो शिजवायला जाण्याआधी. शिजवण्यापूर्वी वजन करून दाखवा म्हटलं, तर चांगली हॉटेलं खुशीने दाखवतात. कुणी टाळाटाळ केली, तर मी दुसरं काहीतरी मागवते. तसंच 'हे पण आणू का?' या लाघवी प्रश्नाचं. त्यात फुकट असल्याचं कुणीही म्हटलेलं नसतं.

आता सोबतीचं. खरा पेच इथे असतो. एकटे असताना उठायला काय लागतं? ज्याने जागा निवडली त्याचा खिसा खोल, आणि बिल शेवटी समान वाटायचं, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी भोगलंय. 2004 मध्ये अर्थशास्त्रज्ञ उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी एका प्रयोगात सहा-सहा विद्यार्थ्यांचे गट जेवायला बसवले. बिल समान वाटायचं म्हटल्यावर त्यांनी आपापलं देणाऱ्यांपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त मागवलं. विचारलं तर बहुतेकांना आपापलं देणंच पसंत होतं! म्हणजे बहुतेक जण मनातून नको म्हणत होते आणि मागवत होते. तेव्हा कुणीतरी तोंड उघडायला हवं, आणि ते ऑर्डर देण्याआधी. 'माझं वेगळं लावा' हे वाक्य मित्रांना उद्देशून बोलायचं नाही, ऑर्डर घेणाऱ्याला सांगायचं. तो सहज मान डोलावतो, विषय वाढत नाही. सुरुवातीला सांगितलंत तर नोंदच वेगळी होते. बिल छापून आल्यावर त्याची फोड करणं गल्ल्यावरच्यालाही डोकेदुखी असते आणि चारचौघांत शोभतही नाही.

यजमान तुम्ही असाल आणि भाव बघून पोटात गोळा आला असेल, तर 'मी सगळ्यांसाठी मागवू का?' म्हणा. पाहुण्यांना तो अगत्याचा भाग वाटतो आणि लगाम तुमच्या हाती राहतो. पाहुणे असाल तर यजमान काय सुचवतो ते ऐका, त्याच्या अल्याड राहा. एके काळी काही उंची हॉटेलं पाहुण्यांना, विशेषतः बायकांना, भाव न छापलेलं कार्ड देत. 1980 साली लॉस एंजेलिसच्या लोरांजरी हॉटेलवर यावरून खटला झाला आणि त्यांनी ती पद्धत सोडली. मला तर बिनभावाचं कार्ड हातात आलं, तर एक घास सुखाने जाणार नाही.

बिल आलं की आधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट करा. भाव कार्डावर होता आणि तुम्ही बघितला नव्हता, तर पैसे मुकाट्याने द्या. भाव सांगितलाच नव्हता, न आलेला पदार्थ लावलाय, एक वस्तू दोनदा चढलीय, तर मात्र बोला. गर्दीत दोनदा नोंद होणं अगदी नेहमीचं. बोलायचं ते मॅनेजरशी. छापलेल्या बिलातली ओळ काढायचा अधिकार वेटरला सहसा नसतो, त्याच्यावर चढलेला आवाज वाया जातो. 'ही ओळ कशाची आहे, जरा समजावून सांगता का?' इथून सुरुवात केली की निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. सर्व्हिस चार्ज देणं सक्तीचं आहे की ऐच्छिक, हे देशागणिक बदलतं, म्हणून तेही तिथेच विचारा.

राहिली टीप. पदार्थांचे भाव आम्ही ठरवत नव्हतो, त्यामुळे महागाईचा राग टीपवर काढलेला लागायचा. पण बिलात सर्व्हिस चार्ज आधीच धरला असेल, तर वर काही ठेवलं नाही तरी चालतं. मी तरी कधी वाईट वाटून घेतलं नाही.