चादरीचा रंग आणि आमचा स्टुडिओ : आमची वाटचाल

आमच्या फोटो स्टुडिओची सुरुवात २००९ साली सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाजवळच्या एका माडीवर झाली. खाली यंत्रमाग आणि वर आम्ही दोघे भागीदार, अशी ती जागा होती. माग सुरू असले की जमीन थरथरते आणि ट्रायपॉड कितीही जड असला तरी एका सेकंदाचे एक्स्पोजर, म्हणजे शटर तेवढा वेळ उघडे ठेवून घेतलेला फोटो, हलते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात समजले. ते भारनियमनाचे दिवस होते. वीज गेली की आम्ही कॅमेरा घेऊन खाली धावत असू, कारण तेव्हा माग थांबलेले असत आणि छताच्या काचेतून येणारा उजेड तेवढा उरलेला असे.

त्या उजेडातच आम्ही एचडीआर शिकलो, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून उजळ आणि अंधारा असे दोन्ही भाग एका चित्रात आणणे. छताची काच आणि मागाखालचा अंधार यांत आमच्या मोजणीप्रमाणे १४ स्टॉपच्या आसपास फरक होता (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), म्हणजे १६ हजार पटींहून अधिक. आमचा निकॉन डी-९० कॅमेरा ब्रॅकेटिंगमध्ये, म्हणजे कमी-जास्त एक्स्पोजरचे फोटो आपोआप घेताना, तीनच फ्रेम घेत असे. म्हणून आम्ही ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ वर कायम ठेवून, व्हाईट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) न बदलता, शटर हाताने फिरवत १/२५० सेकंदापासून पूर्ण एका सेकंदापर्यंत पाच फ्रेम घेत असू. एक्स्पोजर बदलण्यासाठी ॲपर्चर फिरवणारे लोक मी आजही पाहतो. त्यांनी तसे करू नये, कारण फोकसची खोली बदलते आणि फ्रेम एकमेकींवर नीट बसत नाहीत.

विणकर मात्र पाच फ्रेम संपेपर्यंत स्तब्ध राहू शकत नाही, आणि त्याचे हात जोडलेल्या चित्रात दुहेरी दिसतात. यावर माझ्या भागीदाराने जो मार्ग काढला, तो आम्ही आजतागायत वापरतो. शेडच्या पाच फ्रेम माणसाशिवाय घ्यायच्या, ट्रायपॉड तसाच ठेवून विणकराला मागापाशी उभे करायचे, फ्लॅशचा उजेड थर्मोकोलच्या पांढऱ्या शीटवरून परतवून त्याची एकच फ्रेम घ्यायची आणि ती संगणकावर मास्क लावून, म्हणजे बाकीचा भाग झाकून, चित्रात बसवायची. चेहऱ्यावर टोन मॅपिंग (जोडलेल्या चित्रातला उजेड-अंधाराचा तपशील उठवून दाखवणे) करायचेच नाही, कारण बारीक कॉन्ट्रास्ट वाढवला की प्रत्येक सुरकुती उठून दिसते आणि गालावरची सावली काजळी धरल्यासारखी होते.

या कामामुळे आमचे नाव होऊ लागले, तोच २०१२ साली नवी पेठेत आणखी एक स्टुडिओ उघडला. तेथे एकच जेपीईजी फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाकून त्याची तीव्रता शेवटपर्यंत ओढली जात असे आणि त्यालाच एचडीआर म्हटले जात असे. जेपीईजी ही आठ बिटांची फाईल, तिच्यात प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात. सावलीत जो तपशील नोंदलाच गेला नाही, तो ओढून निघत नाही, निघते ती केवळ दाणेदार खरखर. तरीही दर आमच्या निम्मा होता आणि चित्रे लांबूनच डोळ्यांत भरत. चार महिन्यांत आमचे सात नियमित ग्राहक तिकडे गेले.

घाबरून आम्हीही तसेच केले, ही आमची चूक होती आणि ती मी लपवत नाही. टेरी टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या कॅटलॉगमध्ये आम्ही टोन मॅपिंग इतके वाढवले की टॉवेलचे लूप वाळूच्या कणांसारखे दिसू लागले आणि फिकट पिस्ता रंग ठळक हिरवा झाला. परदेशातील खरेदीदाराने माल पाहून रंग वेगळा असल्याचे कळवले, कारखानदाराने आमचे पैसे अडवले आणि बँकेचे तीन हप्ते थकले. भागीदार पुण्याला नोकरीसाठी गेला, तेव्हा त्याचे पैसे देण्यासाठी मी दोन लेन्स विकल्या. सर्वांत अधिक लागले ते पुढे. ज्यांनी एचडीआर हा शब्द शहरात स्वस्त केला, तेच ग्राहकांना सांगू लागले की एचडीआरमुळे रंग बदलतो. वेगवेगळ्या एक्स्पोजरची चित्रे जोडणे ही काही संगणकाची चलाखी नव्हे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन एका प्रिंटमध्ये आणले होते. पण हे काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाला कोण सांगणार? आजही महिन्यातून एखादा ग्राहक ‘साहेब, ते एचडीआर नको’ असे म्हणतो आणि मला ते सारे दिवस आठवतात.

त्या काळात आमच्या पाठीशी उभे राहिले ते चादरीचे एक जुने कारखानदार, ज्यांना सारा पूर्व भाग अण्णा म्हणतो. त्यांनी एक मरून-पांढरी जॅकार्ड (विणीतच नक्षी असलेली) चादर माझ्या टेबलावर पसरली, आमचाच जुना प्रिंट तिच्याशेजारी ठेवला आणि विचारले, ‘यातला रंग माझा कोणता?’ मी चादरीकडे बोट दाखवले. त्यांनी पूर्ण कॅटलॉगचे काम दिले, अट एकच, की काम संपेपर्यंत ती चादर संगणकाच्या पडद्याशेजारून हलवायची नाही. आम्ही प्रत्येक मांडणीत पहिली फ्रेम ग्रे कार्डाची, म्हणजे रंग जुळवण्यासाठीच्या करड्या कार्डाची, घेतली. टेबलावर सपाट पसरलेली चादर एका रॉ फाईलमध्ये (कॅमेऱ्याने नोंदलेला सारा तपशील जपणाऱ्या फाईलमध्ये) मावते, तिला पाच फ्रेमची गरजच नसते, हेही आम्ही त्याच कामात मान्य केले. खिडकीशेजारच्या पलंगावर अंथरलेल्या चादरीसाठी मात्र पाचही फ्रेम घेतल्या, आणि बाहेरचे झाड व चादरीच्या घडीतील मरून धागा दोन्ही एका चित्रात आले.

पुढची वर्षे सुरळीत गेली. आता अण्णांचे चिरंजीव काम आणतात. ती पहिली चादर दिव्यांखाली राहून विटली आहे, म्हणून प्रत्येक कॅटलॉगच्या वेळी ते त्याच लॉटमधील नवी चादर स्कूटरवरून घेऊन येतात आणि ती पडद्याशेजारी पसरल्याशिवाय आम्ही एकही फाईल उघडत नाही.