पोलिश समासातला मधला 'ओ'

पोलिश शिकताना मला सगळ्यात जास्त लळा लागला तो शब्दांच्या पोटातल्या एका 'ओ'चा. त्याला स्वतःचा अर्थ नाही. दोन पदांचा समास होताना तो मध्ये येऊन बसतो, एवढंच. 'लिस्त' म्हणजे पत्र, 'नोशिच' म्हणजे वाहून नेणं. त्यांचा 'लिस्तोनोश' झाला की पोस्टमन. 'पारा' म्हणजे वाफ, 'वुस' म्हणजे गाडी, म्हणून वाफेचं इंजिन 'पारोवुस'. 'वोदा' म्हणजे पाणी, आणि धबधबा 'वोदोस्पात'.

पोलिशमध्ये आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो (अक्षर म्हणजे इथे एका दमात उच्चारला जाणारा तुकडा; 'नोश' हे एकच अक्षर). उत्तरपद एकाक्षरी असलं की ही जागा नेमकी त्या 'ओ'च्या वाट्याला येते: लिस्-तो-नोश, पा-रो-वुस, वो-दो-स्पात. अर्थ वाहणारी दोन्ही पदं हलकी उच्चारली जातात आणि जोर मिळतो तो निव्वळ सांध्याला! मला हे विलक्षण सुंदर वाटतं. विभक्ती लागली की मात्र आघात पुढे सरकतो. 'पारोवुस'चं षष्ठीतलं रूप 'पा-रो-वो-झू'. जोर आता 'वो'वर, आणि शेवटी 'स'सारखा ऐकू येणारा मूळचा 'झ'ही स्पष्ट होतो.

पूर्वपद क्रियापदाचं असलं तर सांध्यात 'ओ'ऐवजी 'इ' येतो. कंजूष माणूस 'दुशिग्रोश', म्हणजे ग्रोश दाबून धरणारा (पोलंडच्या चलनात 100 ग्रोशांचा एक झ्वोती). इथेही आघात सांध्यावरच, 'शि'वर.

विग्रह आणि उच्चार यांच्या रेषा वेगळ्या जागी पडतात, हे लक्षात ठेवायला हवं. 'वोदोस्पात'मधला 'द' अर्थाने पाण्याचा, पण बोलताना तो पुढच्या 'ओ'ला चिकटतो. ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा झाला तर 'वोदो-' वर राहतं आणि 'स्पात' खाली जातं.

आता माझा लाडका लांबलचक शब्द, 50 ग्रोशांच्या नाण्याचं नाव: प्येंच-जे-शें-चो-ग्रो-शुफ-का. रोमन लिपीत 23 वर्ण, त्यांत 11 स्वरचिन्हं, तरी अक्षरं 7च. कारण त्यातले चार 'आय' स्वर म्हणून उच्चारलेच जात नाहीत. दुसऱ्या स्वराआधी आलेला 'आय' फक्त मागच्या व्यंजनाला मृदू करतो. ते चार बाजूला ठेवले की उरलेला प्रत्येक स्वर म्हणजे एक अक्षर. यातल्या 'शुफ'मधला 'श' दोन वर्णांनी लिहितात, पण ध्वनी एकच असल्यामुळे ओळ तोडताना ती जोडी कधीच फोडत नाहीत.